ट्रक एकच, तारीख एकच

प्रश्न : ताई, आजोबा वारल्यावर महाल भागातल्या घराच्या मिळकत पत्रिकेवर बाबांचं नाव चढवायचं आहे. चार महिने हेलपाटे घालतोय. आता बाबूनं पाच हजार 'चहापाणी' मागितलं. मोठेबाबा म्हणतात, आणीबाणीत हेच बाबू दहाच्या ठोक्याला टेबलावर असत. पाच-दहा वर्षं एखादा हुकूमशहाच पाहिजे, असं मलाही वाटू लागलंय. तुम्ही जन्मभर सरकारी हिशेब तपासले. माझं चुकतंय का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : मोठेबाबा खोटं नाही सांगत. मी 1975 च्या डिसेंबरात लेखापरीक्षणात लागले. दहा वाजून दहा मिनिटांनी साहेब हजेरीपटावर लाल रेघ मारत. सदरहून सायकल हाणत येणारा आमचा शिपाईसुद्धा पावणेदहालाच हजर. पण दहाला आलेला माणूस अकराला काय करतो, ते हजेरीपटात नसतं बाप्पा.

पुढच्या वर्षी एका कार्यालयाची प्रमाणकं, म्हणजे खर्चाची व्हाउचरं, तपासत होते. नसबंदी शिबिराला माणसं आणल्याचं ट्रकभाडं. एका प्रमाणकावर गाडी उमरेडला गेलेली, दुसऱ्यावर काटोलला. नंबर एकच, तारीख एकच, पावतीवरचं अक्षरही एकच. उमरेड कुठं, काटोल कुठं! मी हौसेनं अर्धसमास लिहिला. (म्हणजे अर्ध्या कागदावर आमचा आक्षेप, उरलेला अर्धा त्यांच्या खुलाशासाठी कोरा.) आमच्या वरिष्ठांनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि बुशशर्टाच्या खिशात ठेवला. "सध्या नको, पोरी." भला माणूस होता. घरी तीन लेकरं, आणि त्यांच्याच गल्लीतला एक मास्तर मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, आत. कशासाठी, ते मास्तरच्या बायकोलाही कोणी सांगितलं नव्हतं. कारण कळवायचं बंधनच कायद्यातून काढलं होतं. तो कागद खिशातून पुन्हा बाहेर आला नाही. मीही विचारलं नाही.

त्या बाईनं जायचं कुठं? मिसाबंदींचे अर्ज आपल्या नागपूर खंडपीठापुढंही गेले होते, आणि ते ऐकता येतात असं खंडपीठाचं म्हणणं पडलं. सर्वोच्च न्यायालयानं 28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक मतानं ते दार लावून घेतलं. ते एक मत न्या. ह. रा. खन्ना यांचं. पुढे जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं. तुला वाटेल, ट्रकभाड्याचा आणि मास्तरचा काय संबंध? अरे, मास्तर आत होता म्हणूनच तर माझा कागद खिशात गेला.

हे आपल्याकडे 21 महिने चाललं. 20-21 वर्षं मिळाली की काय होतं, त्यासाठी फिलिपिन्सचा ताळेबंद बघ. फर्डिनांड मार्कोस 1965 ला निवडून आला. 1968 मध्ये नवराबायकोनं झुरिकच्या बँकेत 'विल्यम साँडर्स' आणि 'जेन रायन' या खोट्या नावांनी खाती काढली. सप्टेंबर 1972 मध्ये मार्शल लॉ लागला. वर्तमानपत्रं बंद, संसद बंद. माझ्यातली लेखापरीक्षक इथं तारखांखाली पेन्सिलीनं रेघ मारते : खाती आधी, कुलपं नंतर. 1986 मध्ये तो पळाला. 2003 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं आकडे मांडले. पदावर असतानाची दोघांची कायदेशीर मिळकत 3 लाख 4 हजार 372 डॉलर, आणि जप्त केलेला स्विस पैसा 65 कोटी 80 लाख डॉलरच्या वर. त्यातलेच 1000 कोटी पेसो 2013 च्या कायद्यानं त्या राजवटीत छळ झालेल्यांसाठी बाजूला काढले. 11,103 जणांचे दावे मान्य झाले. चोरीचा पैसा आणि मारहाणीची भरपाई, शेवटी एकाच खात्यातून निघाली.

आता तुझे पाच हजार. देऊ नको. मागणी झाली आहे, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन कर, पैसे हातातून जायच्या आधी. तेवढी हिंमत होत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, मुदत 30 दिवस. 'माझं काम कधी होईल' असं विचारू नको. अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता, त्यावर काय शेरा मारला, एवढंच माग. 1976 मध्ये असा कागद कुठल्या खिडकीत द्यायचा, हे मला कोणी सांगू शकलं नसतं.

आणि पोच घे. शिक्क्यातली तारीख पुष्कळदा फिकी उमटते. खिडकीवरून हलायच्या आधी वाचून बघ.