२चा २४०३६५८३ वा घात वजा १ : या मूळ संख्येत विशेष काय?

तुम्ही विचारलंय की याहून कितीतरी मोठ्या मूळ संख्या सापडल्या, मग या जुन्या संख्येचं अजून नाव का निघतं?

मी नाशिकरोडला गणिताच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे माझं उत्तर थोडं घरच्या ओढीचं आहे. ही संख्या देवळालीची आहे!

द. रा. कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. चार अंकी संख्येचे अंक उलटसुलट लावून वजाबाकी करत गेलं की शेवटी येणाऱ्या ६१७४ मुळे ते सगळ्यांना माहीत असतात, पण मला त्यांची दुसरी करामत जास्त आवडते. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १२ + १ + २ = १५, म्हणजे १२ ही १५ची जनक. जिला जनकच सापडत नाही ती स्वयंभू, म्हणजेच देवळाली संख्या. आमच्या वर्गात हा खेळ गाड्यांच्या पाट्यांवर चालतो. एमएच १५ नाशिक, तिचा जनक १२, म्हणजे पुणे! पोरांना हे अजिबात पटत नाही. नागपूरची ३१ मात्र स्वयंभू आणि वर मूळसुद्धा. बारामतीची ४२ही स्वयंभूच निघते, त्यावर मी काही बोलत नाही.

आता तुमची संख्या. ती मे २००४ मध्ये सापडली, ४१वी मर्सेन मूळ संख्या, म्हणजे २च्या घातातून १ वजा करून मिळणारी मूळ संख्या. एकूण अंक ७२,३५,७३३, शेवटचा ७. द्विमान पद्धतीत लिहिली तर नुसते एकावर एक, २,४०,३६,५८३ वेळा. पण हे असलं प्रत्येक मर्सेन संख्येबद्दल सांगता येतं. हिचं वेगळेपण २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवलं : ही स्वयंभू आहे.

एवढ्या अवाढव्य संख्येचा जनक नाही हे तपासायचं कसं? वाटतं तितकं अवघड नाही. सगळे अंक ९ धरले तरी बेरीज साडेसहा कोटींच्या आसपासच. म्हणजे जनक असलाच तर तो एवढ्याच अंतरात, आणि शेवटचे आठ अंक सोडले तर त्याचे बाकीचे अंक आपल्या संख्येसारखेच. उसना घ्यावा लागला तर तेवढा फरक पडेल. म्हणजे डावीकडची सगळी बेरीज आधीच ठरली. अनिश्चित राहते ती शेवटच्या आठ अंकांची, आणि ती ७२च्या पुढे जाऊच शकत नाही.

त्यात ९ची चाळणी लावा. संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ने भागलं की बाकी सारखीच उरते. आपल्या संख्येची बाकी १. म्हणजे जनकाच्या बाकीची दुप्पट केली की १ उरायला हवा, आणि ते फक्त ५लाच जमतं. एवढ्यावर उमेदवार वीसच्या आत येतात. लाखो अंकांची बेरीज तेवढी संगणकाकडून करून घ्यायची, पुढचं वहीच्या एका पानावर मावतं. एकही उमेदवार बसत नाही.