होल्टर नॉर्मल आला, तरी शोध थांबवू नका

प्रश्न : रोज तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या माझ्या बाबांना (वय ६९) गेल्या महिन्यात स्ट्रोक आला. गुठळी मेंदूत अडकली होती. मानेच्या रक्तवाहिन्या साफ, टूडी एको ठीक, २४ तास ठोके नोंदवणारा होल्टरही नॉर्मल. डिस्चार्ज कार्डावर 'कारण सापडले नाही' असं लिहिलंय. भाऊ म्हणतो, एआय आता साध्या ईसीजीवरून ठोक्यांची गडबड आधीच ओळखतं. ते करून रक्त पातळ करायची गोळी सुरू करावी का? – एक वाचक, नौपाडा

उत्तर : ताई, आधी एक सांगतो. बाबांची चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका आणि नवी सुरूही करू नका.

भाऊ म्हणतो ते खरं आहे, पण अर्धं. मेयो क्लिनिकने सुमारे १ लाख ८१ हजार रुग्णांच्या ईसीजींवर असा प्रोग्रॅम घडवला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होणं; त्यात तिथे गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. ईसीजीत ठोके नियमित असतानाही हा आजार असलेल्या १०० पैकी ७९ जणांना त्याने ओळखलं. मात्र आजार नसलेल्या १०० पैकी २० जणांवरही त्याने बोट ठेवलं. त्या २० मध्ये तुमचे बाबा असले तर? रक्त पातळ करणाऱ्या गोळीने रक्तस्राव होऊ शकतो. २०२४ च्या 'आर्केडिया' चाचणीत हृदयाचा वरचा कप्पा कमकुवत वाटणाऱ्या, पण फिब्रिलेशन न सापडलेल्या स्ट्रोकच्या रुग्णांना अपिक्सॅबान ही रक्त पातळ करणारी गोळी दिली. ॲस्पिरिनपेक्षा काहीही जास्त फायदा झाला नाही. म्हणून नुसत्या अंदाजावर मी ही गोळी लिहीत नाही.

हे फिब्रिलेशन येतं-जातं. बाबांच्या होल्टरने एकच दिवस पाहिला. 'क्रिस्टल एएफ' चाचणीत कातडीखाली लूप रेकॉर्डर (ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) बसवलेल्या, कारण न सापडलेल्या स्ट्रोकच्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांत ३ वर्षांत फिब्रिलेशन सापडलं, नेहमीच्या तपासण्यांत जेमतेम ३ टक्क्यांत. 'कारण सापडले नाही' हा शेरा वाचला की मला राग येतो, तो यासाठी. एवढ्यात फाईल मिटवायची नसते! एआयचं मोल मला इथे वाटतं : लूप रेकॉर्डर महाग, सगळ्यांना बसवता येत नाही, तेव्हा कोणाला आधी बसवायचा हे ठरवायला त्याची मदत होईल.

तोवर एआयसाठी थांबू नका. कार्डिओलॉजिस्टना स्पष्ट विचारा, 'निदान १४ दिवस छातीवर चिकटवून ठोके नोंदवणारा पॅच किंवा लूप रेकॉर्डर लावायचा का?' फिब्रिलेशन सापडलंच, तर गोळी कधी सुरू करायची हे मेंदूला किती इजा झाली आहे त्यावर ठरतं. म्हणून तो रिपोर्ट त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टनाही दाखवा.