रात्रपाळी आणि झोप: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सहा महिने रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी आहे. नऊला आडवी होते, पण दुपारी एकला टक्क जागी. शरीराला सवय कधी होणार?

खरं सांगायचं तर पूर्ण सवय बहुतेकांना होतच नाही, वर्षानुवर्षं रात्रपाळी केली तरी. मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं, आणि घरी परतताना तुम्ही त्याला रोज सकाळचं ऊन दाखवता. मग ते झोपू कसं देईल? पाळीच्या पहिल्या अर्ध्यात भरपूर प्रकाशात काम करा, शेवटचे दोन-तीन तास जमेल तितका मंद ठेवा. परतताना गडद गॉगल लावा. स्वतः गाडी चालवत असाल तर मात्र नको, त्यानं पेंग वाढू शकते. झोपायची खोली इतकी काळोखी हवी की समोर धरलेला हात दिसू नये. आणि घरच्यांना बजावून सांगा की दुपारचे बारा ही तुमची मध्यरात्र आहे. रात्री बारा वाजता किल्ली कुठे ठेवली हे विचारायला कुणी कुणाला उठवत नाही!

एवढं करूनही चारच तास झोप झाली, तर कुढत लोळू नका. उठा, आणि संध्याकाळी निघण्याआधी दीड तास पुन्हा झोपा. तुकड्यातली झोपही झोपच.

प्रश्न: पहाटे चारला कॉफी घेतली नाही तर डोळे मिटतात. चालेल का?

नको. कॉफीतलं निम्मं कॅफिन पाच-एक तासांनंतरही अंगात असतं, म्हणजे नऊला झोपायला जाल तेव्हाही. कॉफी पाळीच्या सुरुवातीला घ्या. पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, ती गुंगी अटळच. परवानगी असेल तर वीस मिनिटांची डुलकी काढा, पण उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं जोखमीचं काम हाती घेऊ नका.

प्रश्न: रात्री जेवावं का?

पाळीआधी पोटभर, रात्री हलकं. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर त्यांच्या वेळा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, सहकाऱ्याकडून नव्हे.

प्रश्न: रात्रपाळीनं कॅन्सर होतो असं वाचलं. नोकरी सोडू?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2019 साली रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात कायम ठेवलं, हे खरं. पण तो गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. तेवढ्यासाठी नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही. रक्तदाब, साखर, वजन मात्र नियमित तपासा.

प्रश्न: घरी जाताना दुचाकीवर झापड येते. हेल्मेटची काच उघडी ठेवून गार वारा घेतो.

वाऱ्यानं झोप जात नाही. सलग सतरा तास जागं राहिल्यावर प्रतिक्रिया थोडी दारू प्यायल्यासारख्या मंदावतात. झापड आली की गाडी बाजूला घेऊन थांबा. त्याहून बरं, कामाच्या जागीच अर्धा तास झोपून मग निघा, नाहीतर बस धरा.