महागड्या लॅपटॉपच्या कोपऱ्यांतला उजेड: दोष किती आणि पडद्याचा स्वभाव किती

नवा महागडा लॅपटॉप घेतला, रात्री दिवे घालवून चित्रपट लावला आणि पडद्याच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढुरका उजेड दिसला. एवढे पैसे मोजल्यावर हे चालवून घ्यावे की लॅपटॉप परत करावा, असे तुम्ही विचारले आहे. सोबत मोबाइलने काढलेला फोटोही दिला आहे. सुरुवात त्या फोटोपासूनच करतो, कारण अर्धी धास्ती त्यानेच घातलेली दिसते. अंधाऱ्या खोलीत काळा पडदा टिपताना मोबाइलचा कॅमेरा आपणहून एक्सपोजर (आत घेतल्या जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) वाढवतो, त्यामुळे डोळ्यांना जेमतेम जाणवणारा उजेड फोटोत भट्टी पेटल्यासारखा येतो. तुमच्या फोटोत टेबलावरची चार्जरची वायर आणि तिचे वेटोळेसुद्धा स्पष्ट दिसते आहे. दिवे बंद असताना ते तुम्हाला तसे दिसत होते का, हे आठवून पाहा, म्हणजे फोटो किती उजळला आहे याचा अंदाज येईल.

एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. लॅपटॉपमध्ये बहुधा एका कडेला एलईडींची ओळ असते, पारदर्शक प्लास्टिकचा एक पातळ थर तो प्रकाश संपूर्ण पडद्यामागे पसरवतो, आणि त्याच्या पुढे एकमेकांशी काटकोनात बसवलेल्या दोन पोलरायझरांच्या (एका ठरावीक दिशेने कंप पावणाराच प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या पातळ पडद्यांच्या) मध्ये द्रवस्फटिकांचा थर असतो. काळा रंग दाखवायचा म्हणजे हा मागचा प्रकाश (बॅकलाइट) अडवायचा, आणि ही अडवणूक कधीच पुरती होत नाही. आयपीएस या लॅपटॉपांत सर्रास दिसणाऱ्या एलसीडी प्रकारच्या पॅनेलचे कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचे प्रमाण, साधारण १०००:१ च्या आसपास असते. म्हणजे पांढरा रंग ४०० निट्सचा (निट हे उजळपणाचे एकक) असेल, तर त्याच वेळी काळा ०.४ निट्सचा असतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो राखाडीच दिसणार. हा सर्वत्र सारखा पसरलेला राखाडीपणा म्हणजे दोष नव्हे.

त्याच्यात आणखी दोन गोष्टी मिसळतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली आयपीएस ग्लो. पडद्याकडे तिरप्या नजरेने पाहिले की काळ्या भागावर रुपेरी, निळसर किंवा पिवळसर झाक येते. लॅपटॉपजवळ बसल्यावर कोपऱ्यांकडे आपली नजर तिरपीच जाते, म्हणून ती झाक कोपऱ्यांतच दिसते आणि डोके हलवले की तीही सरकते. दुसरी खरी गळती, म्हणजे बॅकलाइट ब्लीड. ही एका जागी ठाण मांडून असते आणि कडेपासून आत शिरलेल्या पाचरीसारखी किंवा ढगासारखी दिसते. तिचे मूळ बहुतेक वेळा ताणात असते. काचेवर कुठे दाब पडला, की त्या जागेतून जाणाऱ्या प्रकाशाची ध्रुवणदिशा किंचित बदलते, आणि मग पुढचा पोलरायझर त्याला पूर्णपणे अडवू शकत नाही. झाकण जितके पातळ आणि कडेची पट्टी जितकी अरुंद, तितकी चौकटीचा, चिकटपट्टीचा किंवा बिजागरीचा ताण पॅनेलपर्यंत पोहोचू न देण्यासाठी जागा कमी उरते. म्हणून महाग लॅपटॉपमध्ये हे नसायलाच हवे, हे गृहीतक मला पटत नाही. जास्तीचे पैसे अचूक रंगांना, जास्त रिझोल्यूशनला आणि धातूच्या सडपातळ बांधणीला जातात. आणि हा सडपातळपणाच इथे आडवा येतो.

तपासणी अशी करा. लॅपटॉप अर्धा तास चालू ठेवा, ब्राइटनेस आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करा आणि पूर्ण पडदाभर निव्वळ काळे चित्र लावा. ब्राइटनेस कमाल पातळीवर नको, तुम्ही रोज ठेवता तेवढाच ठेवा. मग पडद्याच्या अगदी समोरून दीड-दोन मीटर मागे सरा. उजेड जवळजवळ विरला, तर तो ग्लो होता आणि पॅनेल बदलून तो जाणार नाही. तिथल्या तिथे राहिला, तर ती गळती आहे. यानंतरची कसोटी मला अधिक महत्त्वाची वाटते: २.३९:१ चौकटीचा, म्हणजे उंचीच्या २.३९ पट रुंद असलेला, एखादा चित्रपट लावा. १६:१० पडद्यावर अशा चित्रपटाच्या वर-खाली मिळून उंचीचा जवळपास एक तृतीयांश भाग काळ्या पट्ट्यांनी व्यापला जातो, आणि गळतीही नेमकी त्याच भागात राहते. खोलीत मंद दिवा असताना, नेहमीच्या जागेवरून त्या पट्ट्यांतला उजेड तुमचे लक्ष चित्रावरून ओढून घेत असेल, तर परतीची मुदत उलटण्याआधी लॅपटॉप बदलून घ्या. मुद्दाम शोधल्यावरच दिसत असेल, तर राहू द्या.

बदलून घेण्याबाबत मी एवढा सावध का, तेही सांगतो. माझ्या एका लॅपटॉपच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या बरोबर वर, नखाएवढा पिवळसर अर्धचंद्र होता, आणि झाकणाचा कोन बदलला की तो लहान-मोठा व्हायचा. तक्रार केल्यावर पॅनेल बदलून मिळाले. अर्धचंद्र गेला, पण वरच्या कडेला बोटभर रुंद पांढरा पट्टा आला, आणि तो दिव्याच्या उजेडातही दिसे. दुसऱ्यांदा तक्रार केली तेव्हा हे मर्यादेत बसते असे उत्तर मिळाले; ती मर्यादा किती, हे मात्र कोणी सांगितले नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या उत्पादकांची पॅनेल्स बसवलेली असू शकतात आणि प्रत्येक नगाची जुळणीही वेगळी असते, त्यामुळे बदली नग बरा निघेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शक्य असेल तर दुसरा नग हातात येऊन तपासून होईपर्यंत पहिला सोडू नका.

मऊ फडक्याने कडा चोळण्याचा किंवा पडद्याभोवतीची चौकट उचकटून स्क्रू सैल करण्याचा सल्ला अनेक जण देतील. मी तो देणार नाही. चोळल्याने एखादा डाग फिका पडतोही, पण दाबाचा नवा कायमचा डाग उमटण्याचा धोका असतो, आणि चौकट उचकटली की वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते. त्यापेक्षा पडद्यामागे भिंतीवर उजेड पडेल असा एक लहान दिवा ठेवा आणि ब्राइटनेस उतरवा. पांढऱ्याबरोबर गळतीचा उजेडही त्याच प्रमाणात उतरतो. पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉपच्या झाकणाला टेकून जाड पुस्तक किंवा चार्जर ठेवू नका, आणि झाकण एका कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय असेल तर मध्यभागी धरा.

अगदीच गडद काळा हवा असेल, तर ओलेड या वेगळ्या प्रकारच्या पडद्याकडे वळावे लागेल, कारण तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि गळायला बॅकलाइटच नसतो. मात्र सतत एका जागी राहणाऱ्या चित्राचा ठसा पडद्यावर उमटण्याची काळजी तिथे घ्यावी लागते. मिनी-एलईडीत, म्हणजे मागे भागाभागाने मंद करता येणारे अनेक लहान एलईडी असलेल्या एलसीडीत, काळा भाग बराच गडद होतो, पण काळ्यावरच्या पांढऱ्या उपशीर्षकांभोवती प्रभावळ दिसू शकते.

नवा फोटो काढाल तेव्हा मोबाइलमध्ये एक्सपोजर हाताने इतके खाली आणा की कोपरे डोळ्यांना दिसतात तेवढेच फोटोत उजळ दिसतील, आणि दोन फोटो द्या: एक समोर बसून, दुसरा दोन मीटरवरून. मग उजवा कोपरा आणि डावा कोपरा यांचे निदान वेगवेगळे करता येईल; उजवीकडचा उजेड मला तरी ग्लोच वाटतो आहे.