आधी पाय, मग हात

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

बास्केटबॉलच्या सामन्यात तुझे शेवटचे चारही शॉट रिंगला लागून बाहेर आले आणि तेव्हापासून तू कोर्टकडे फिरकली नाहीस, हे तुझ्या आईकडून कळलं. फोनवर तू नुसतं ‘हो सर, हो सर’ करशील, म्हणून लिहितोय.

तुझ्याच जागेवर, शूटिंग गार्ड म्हणून (लांबून शॉट घेणारा खेळाडू), रे ॲलन एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, अठरा हंगाम खेळला. २०१० च्या अंतिम मालिकेत तो बॉस्टनकडून लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाविरुद्ध खेळत होता. दुसऱ्या सामन्यात त्याने आठ थ्री-पॉइंटर, म्हणजे रेषेबाहेरून घेतलेले तीन गुणांचे शॉट, घातले. अंतिम मालिकेतल्या एका सामन्यात तोवर कुणीच इतके घातले नव्हते. दोन दिवसांनी तिसरा सामना झाला. तेरा शॉट घेतले, एकही गेला नाही. पोरी, तेरा! हात तोच होता, रिंगही तेवढीच. बॉस्टन तो सामना हरलं आणि पुढे मालिकाही सातव्या सामन्यात निसटली. त्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी आजही करतो. पण पुढच्याच फेब्रुवारीत, त्याच लेकर्ससमोर, त्याने रेजी मिलरचा २,५६० थ्री-पॉइंटरचा विक्रम मागे टाकला.

त्याचा शॉट म्हणजे देवाची देणगी, असं कुणी म्हटलेलं त्याला खपायचं नाही. रोजच्या घामाचा तो अपमान वाटायचा. सामन्याच्या कितीतरी आधी, स्टेडियम रिकामं असताना, तो येऊन शॉट मारत बसायचा.

आता मुद्द्याचं. मिलवॉकीच्या संघात तरुण असताना त्याने स्वतःसाठी एक सराव बसवला होता. रिंगजवळ जमिनीवर आडवं व्हायचं, झटकन उठायचं, उलट्या पावलांनी कोपऱ्यात पळायचं, पास झेलायचा आणि शॉट घ्यायचा. अट एकच, पाय ना थ्री-पॉइंटच्या रेषेवर पडायचा, ना कोर्टच्या बाहेरच्या रेषेवर. एनबीएच्या कोर्टवर त्या कोपऱ्यात दोन रेषांमध्ये जेमतेम तीन फूट जागा असते. अशी वेळ सामन्यात कधी येईल, हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं?

ती आली १८ जून २०१३ ला. तेव्हा तो मायामीच्या संघात होता, वय सदतीस. अंतिम मालिकेतला सॅन अँटोनिओविरुद्धचा सहावा सामना, मायामी तीन गुणांनी मागे. हरले असते तर मालिका तिथेच संपली असती. मैदानाभोवती बंदोबस्ताची पिवळी दोरीसुद्धा आणून ठेवलेली. सहकारी लेब्रॉन जेम्सचा शॉट हुकला, रिंगवरून परतलेला चेंडू दुसऱ्या सहकाऱ्याने, ख्रिस बॉशने, पकडला आणि ॲलन उलट्या पावलांनी उजव्या कोपऱ्याकडे निघाला. खाली एकदाही पाहिलं नाही. पास आला, चेंडू सुटला, ९५-९५. घड्याळात ५.२ सेकंद. जादा वेळेत मायामी जिंकली, मग सातवा सामनाही.

तो शॉट मी तळहाताने पडद्याचा वरचा भाग झाकून पाहिलाय. फक्त पाय बघायचे. छोटी, पटापट पडणारी पावलं, आणि शेवटच्या दोन पावलांत तोल सावरून तो जागेवर स्थिरावतो. चेंडू हातात येतो तेव्हा पाय तयार असतात. तूही तसंच बघ. मग तुझ्या सामन्याचा व्हिडिओ लाव आणि तोही तसाच झाकून बघ. चारपैकी तीन वेळा तू आधी चेंडू झेललास आणि मग पाय शोधत बसलीस. हात चांगला आहे तुझा, त्याला उगाच दोष देऊ नकोस. आणि कुणी सांगितलं म्हणून कोपराची ठेवण बदलायला तर अजिबात जाऊ नकोस.

रविवारी सहाला ये, ऊन चढायच्या आत. कोपऱ्यात खडूने तीन फुटांची पट्टी आखून ठेवतो. गुडघ्याला पॅड बांधून ये, आपलं कोर्ट सिमेंटचं आहे. पास मी देईन.

तुझे,
सर