नवरात्रात तुळजापुरात ८०० ची खोली ३,२०० ला सांगतात. एमटीडीसीकडे तक्रार केली तर भाडं कमी होईल का?

नाही. एमटीडीसी हे राज्याचं पर्यटन विकास महामंडळ आहे, स्वतःची निवासं चालवतं. खाजगी लॉजचे दर ठरवणं त्याच्या हातात नाही. खोलीभाड्याला एमआरपीसारखी कायद्याची सर्वसाधारण मर्यादाच नाही. त्यामुळे आधी सांगून, तुम्ही कबूल केलेले ३,२०० जास्त असले तरी नुसत्या त्या कारणावर तक्रार सहसा टिकत नाही.

टिकते ती वेगळीच. १,२०० ला बुकिंग पक्कं केलं, ॲडव्हान्स घेतला आणि घटस्थापनेच्या दिवशी काउंटरवर ‘आता रेट वाढलाय’ म्हणाले, तर ती सेवेतली त्रुटी. म्हणून फोनवरचं बुकिंग लगेच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: तारीख, माणसं, भाडं, जीएसटीसकट की वेगळा. ॲडव्हान्स यूपीआयनेच द्या.

बिल मात्र मागाच. खरी गोम तिथंच असते. ७,५०० पर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, म्हणजे ३,२०० वर १६० रुपये. कोणी १८ टक्के लावून ५७६ घेत असेल तर जास्तीचा कर देऊ नका, आणि बिलावर जीएसटी नंबरच नसेल तर कर देऊच नका. सर्व्हिस चार्जही सक्तीचा नाही.

तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि लातूर-बीडचे असाल तर आपल्याच जिल्ह्यात दाखल करता येते, त्यासाठी धाराशिवला खेटे नकोत.