पहिला बर्फ पडण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोन तट्टं, डझनभर मेंढ्या, तीन शेळ्या आणि कोंबड्या, एवढा बारदाना घेऊन तू यंदा पहिल्यांदाच बर्फाचा हिवाळा काढणार आहेस. काळजी वाटणं साहजिक आहे. पण तुझे सगळे प्रश्न थंडीबद्दल आहेत: झूल घालू का, दिवा लावू का, गोठ्याच्या फटी बुजवू का. पाण्याबद्दल अवाक्षर नाही. हिवाळ्यात खरी मेहनत पाण्याचीच असते, म्हणून मी तिथूनच सुरू करते.

२५० किलोच्या तट्टाला दिवसाला साधारण १० ते २० लिटर पाणी लागतं. हिरव्या गवतात ७०-८० टक्के पाणीच असतं, त्यामुळे चरणाऱ्या जनावराची बरीचशी तहान चाऱ्यातच भागते. सुक्या वैरणीत ते जेमतेम १५ टक्के. म्हणजे पाणी गोठायच्या दिवसांतच नेमकं त्यांना बादलीतलं पाणी जास्त लागतं. "बर्फ चाटतील की," असं कुणीतरी तुला सांगेलच. ऐकू नकोस. ताज्या, भुसभुशीत बर्फाच्या १० बादल्या वितळवल्या तर एखादी बादली पाणी हाती येतं, आणि तो वितळवायला जनावराला अंगातलीच ऊब खर्चावी लागते. पाणी कमी पडलं की तट्टाच्या आतड्यात वैरण घट्ट होऊन अडकते. लीद कोरडी आणि थोडी पडायला लागली, तट्टू वळून वळून पोटाकडे पाहू लागलं, पुढच्या पायाने जमीन उकरू लागलं, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन लाव.

बर्फगार पाणी तट्टं पितात, पण हात राखून. म्हणून दिवसातून दोनदा, वैरण टाकल्यानंतर, कोमट पाणी ठेव. खाल्ल्यावरच ती भरपूर पितात. बादल्या रबरी घे. प्लास्टिकची बादली गोठली की तडकते. रबरी उलटी करून एक लाथ घातली की बर्फाची चकती सुटून बाहेर पडते. बादली जुन्या टायरात बसवून भोवती पेंढा ठासला तर पाणी उशिरा गोठतं. हौदावरचा बर्फ फोडलास तर तुकडे बाहेर काढून टाक, नाहीतर ते पुन्हा जुळून येतात. नळी वापरून झाली की पूर्ण रिकामी करून आत आणायची. कंटाळवाणं काम आहे, बोटं बधिर होतात, ओल्या बाह्या गोठून ताठ होतात. पण ते चुकवता येत नाही.

आता थंडी. आपल्याला हुडहुडी भरली म्हणजे तट्टालाही भरली, असं नसतं. हिवाळी केस भरलेलं धडधाकट तट्टू, अंग कोरडं असेल तर, उणे पाच अंशांतही मजेत उभं राहतं. पाठीवर पडलेला बर्फ तसाच साचून राहिला असेल तर खुश हो. आतली ऊब बाहेर निसटत नाही, म्हणूनच तो वितळत नाही. तट्टू केस उभे करून त्यांत हवा धरून ठेवतं. वरून पातळ झूल टाकलीस की तेच केस चपटे होतात. अशी झूल न घातलेली बरी. म्हातारं, हाडकुळं, आजारी किंवा केस कापलेलं जनावर असेल तर जाड, पाणी न झिरपणारी झूल जरूर घाल, पण रोज काढून अंग चाचपून बघ.

वाईट असतं ते भिजलेलं अंग आणि त्यावर सुटलेला वारा. त्याला उपाय म्हणजे वाऱ्याकडे पाठ केलेली तीन भिंतींची पडवी. आत जायचं की नाही ते तट्टांना ठरवू दे. तू एवढ्या कष्टाने बांधलेली पडवी सोडून ती भर बर्फात बाहेर उभी दिसतील. वाईट वाटून घेऊ नकोस. शेळ्यांचं मात्र तसं नाही. त्यांच्या कातडीखाली चरबी बेताची आणि अंगावर मेंढीसारखी लोकर नाही, त्यांना कोरडा आडोसा हवाच.

ऊब वाढवायची तर वैरण वाढव. तंतुमय चारा तट्टाच्या मोठ्या आतड्यात आणि मेंढीच्या पहिल्या पोटात आंबतो, आणि त्या आंबण्यातून उष्णता निघत राहते. म्हणून कडाक्याच्या रात्री धान्याचं माप वाढवायच्या भानगडीत पडू नकोस, गवत जास्त टाक. एरवी वजनाच्या २ टक्के धर, म्हणजे तुझ्या तट्टाला ५ किलो. थंडीची लाट आली की त्यावर किलोभर, आणि त्यातला मोठा वाटा रात्री उशिरा. काट्यावर तोलून टाक. दमलेल्या माणसाचा अंदाज नेहमी कमीच भरतो.

खुराकाचे डबे वेगवेगळे ठेव आणि वर ठळक लिही. घोड्यांच्या खुराकात तांबं घातलेलं असतं. मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एके दिवशी एकदम विष बनून उठतं. उलट, गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते थोडंसं जरी पोटात गेलं तरी घोड्याचं हृदय निकामी होऊ शकतं. "आजच्या दिवस हेच घाला" हे तुझ्याकडे चालणार नाही.

मेंढीबद्दल सर्वांत महत्त्वाचं सांगते: लोकर फसवते. लांबून सगळ्या गुबगुबीत दिसतात. हातमोजा काढून शेवटच्या बरगडीच्या मागे, कण्यावर हात ठेव. मधल्या हाडांची टोकं बोटाला टोचतात का? मग बोटं बाजूला घे, तिथे मणक्यांची आडवी हाडं लागतील. त्यांच्या टोकांखाली बोटं सहज शिरत असतील तर मेंढी उतरली आहे. थोडं दाबल्यावर टोकं जाणवली, पण ती गोल लागली आणि वर मांस भरलेलं असलं, तर ठीक. दर पंधरवड्याला हात फिरव आणि वहीत लिहून ठेव. तट्टांच्या बरगड्यांनाही हाच नियम. ती आत्ता फार लठ्ठ असतील तर हिवाळ्यात जराशी उतरली तरी चालेल, खुरांसाठी ते चांगलंच.

गाभण मेंढ्यांची गोष्ट वेगळी. गाभणकाळ सुमारे १४७ दिवसांचा, आणि पिल्लाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात जुळी असली की चारा मावायला जागा कमी आणि गरज मात्र दुप्पट. त्यातच बर्फामुळे एखादा दिवस उपास घडला तर मेंढी स्वतःची चरबी इतक्या वेगाने जाळते की तेच तिच्या जिवावर बेततं. कळपापासून मागे राहणारी, खुराकाला तोंड न लावणारी, आंधळ्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी मेंढी दिसली तर तासाभराचाही उशीर नको. फार लठ्ठ मेंढीलाही हे होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

बर्फात व्यायलीच, तर पिल्लू कोरडं करून पहिल्या दोन तासांत किलोमागे ५० मिलिलिटर चीक पोटात गेला पाहिजे. थर्मामीटर खिशात ठेव. ३९ अंश म्हणजे उत्तम. ३७ च्या खाली गेलेलं आणि पाच तासांहून मोठं झालेलं पिल्लू नुसतं शेकलंस तर दगावतं, कारण त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते. आधी ग्लुकोजचं इंजेक्शन, मग ऊब. ते कसं द्यायचं हे डॉक्टरांकडून आत्ताच शिकून घे. त्या रात्री शिकायला वेळ नसतो.

गोठ्याच्या फटी बुजवू नकोस. वारा अंगावर यायला नको, पण हवा वरून निघून गेली पाहिजे. खात्री करायची तर मेंढ्या बसतात तिथे उकिडवी बस आणि दोन मिनिटं श्वास घे. डोळे चुरचुरले, छताला थेंब दिसले, तर तो गोठा न्यूमोनियाचं घर आहे. खुराड्याचंही तेच. कोंबडीचा तुरा थंडीपेक्षा दमट हवेमुळे लवकर हिमदंशाने काळा पडतो. दिव्याचं म्हणशील तर पेंढ्यावर लोंबणारा गरम दिवा मी लावू देणार नाही. आगी अशाच लागतात.

कुंपणाकडे बघायला विसरू नकोस. वादळात मेंढ्या दगडी बांधाच्या आडोशाला जातात, आणि वाऱ्याने उडालेला बर्फ नेमका त्याच बाजूला साचून त्यांना गाडतो. वादळाची सूचना मिळाली की त्यांना आधीच मोकळ्या, उंचवट्याच्या जागी हलव. गाडल्या गेल्याच तर लगेच आशा सोडू नकोस, बर्फाखाली त्या कित्येक दिवस जगतात. श्वासाने पडलेली पिवळट भोकं शोध, लांब काठीने हलक्या हाताने चाचपत जा. ढीग कुंपणाइतका वाढला तर त्याच मेंढ्या त्यावरून चालत पलीकडे जातील. विजेच्या तारेवर विसंबू नकोस, गोठलेल्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही आणि झटका बसत नाही. पलीकडे यू किंवा ऱ्होडोडेंड्रॉन ही हिवाळ्यातही हिरवी राहणारी झाडं-झुडपं असतील तर तिकडे पक्कं कुंपण घाल. चहूकडे पांढरं झालं की भुकेलं जनावर दिसेल तो हिरवा पाला ओरबाडतं, आणि हे दोन्ही विषारी आहेत.

तट्टांना नाल असतील तर नालबंदाला या आठवड्यातच बोलाव. नालेत बर्फाचे गोळे धरतात आणि तट्टू उंच टाचांवर चालल्यासारखं लटपटतं. काम नसेल तर नाल काढून टाकणंच सोपं.

या आठवड्यात एवढं कर: मेंढ्यांच्या कण्यावरून हात फिरव, मेंढा कळपात कधी सोडला होता ती तारीख शोध आणि दोन्ही मला लिहून पाठव. म्हणजे कुठली मेंढी कधी वेगळी काढायची ते आपण ठरवू.

तुझी,
मावशी